क्लच होल्डर घरी करा, मॅग्नेट पुलर विकतच घ्या

मोटारसायकलच्या क्लच प्लेट बदलल्यावर जुन्या स्टील प्लेटपैकी एक भंगारात टाकू नका. तिच्यावर दीड फुटाची जाड लोखंडी पट्टी वेल्डिंग करून घेतली, की क्लच होल्डर तयार, म्हणजे नट सोडवताना क्लचचा हब (प्लेट ज्यावर बसतात तो मधला भाग) फिरू न देणारं हत्यार. प्लेटचे आतले दाते हबच्या खाचांत चपखल बसतात, कारण ती त्याच गाडीची आहे. पट्टी एका हाताने धरून मधला नट दुसऱ्या हाताने सुटतो. खाचेत स्क्रूड्रायव्हर अडकवून नट सोडवायला जाल तर ॲल्युमिनियमचा हब तुटेल, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वेल्डिंगवाल्याला फक्त एवढंच सांगा की टाका दात्यांपर्यंत येऊ देऊ नको.

मॅग्नेट पुलर म्हणजे क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) टोकावर घट्ट बसलेलं मॅग्नेट, म्हणजे चुंबकं असलेलं चाक, ओढून काढायचं हत्यार. त्याचं मात्र तसं नाही. त्याचे आटे बारीक असतात, माप गाडीगणिक बदलतं, आणि संपूर्ण ताण त्या आट्यांवरच येतो. लेथवर अंदाजाने केलेला पुलर मॅग्नेटचे आटे खाऊन टाकतो. हातोडी मारली तर क्रँक वाकू शकतो, चुंबक फुटू शकतात. म्हणून तो आपल्या मॉडेलचाच विकत घ्या. आधी हाताने शेवटपर्यंत फिरवून बसवा. मध्येच अडला तर पाना लावू नका, काढून पुन्हा सरळ धरा.