उघड्यावरच्या तलावात क्लोरीन संध्याकाळी घाला

पोहण्याच्या उघड्या तलावाची देखभाल करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: क्लोरीन ऊन उतरल्यावर घाला. पाण्यात स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन) नसेल तर सकाळी घातलेलं निम्मं क्लोरीन भर उन्हात सुमारे पाऊण तासात संपतं. गर्दी दुपारी असते, आणि तेव्हा पाण्यात काहीच उरलेलं नसतं.

पाण्यात क्लोरीनची दोन रूपं असतात. हायपोक्लोरस आम्ल जंतू मारतं, हायपोक्लोराइट त्या कामात फार कमजोर. अतिनील किरण या दुसऱ्याला झपाट्याने फोडतात आणि मागे निरुपयोगी क्लोराइड उरतं. पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) 7.5 च्या आसपास दोन्ही निम्मी-निम्मी असतात. पीएच 8 वर गेला की जंतू मारणारा भाग पाव हिश्श्यावर येतो, उन्हात फुटणारा वाढतो. म्हणून पीएच 7.2 ते 7.6 मध्येच ठेवा.

उन्हापासून क्लोरीन वाचवायला सायन्युरिक आम्ल, म्हणजेच स्टॅबिलायझर, 30 ते 50 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) पुरतं. त्यापुढे मात्र हात आखडता घ्या, कारण ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि जंतू मारण्याचा वेग मंदावतो. टीसीसीएच्या (क्लोरीन आणि स्टॅबिलायझर दोन्ही असलेल्या) गोळ्या रोज वापरणाऱ्यांनी याकडे नीट लक्ष द्यावं: दर 10 पीपीएम क्लोरीनबरोबर सुमारे 6 पीपीएम स्टॅबिलायझरही पाण्यात पडतं. पाण्याची वाफ होते, याची होत नाही. फार वाढलं तर थोडं पाणी काढून नवं भरणं हाच खरा उपाय. बंदिस्त तलावात तर स्टॅबिलायझर घालूच नका.

क्लोरीन ऊन खातंय की शेवाळ, हे रात्री कळतं. संध्याकाळी क्लोरीन घातल्यावर पंप चालू ठेवा, पाणी नीट मिसळू द्या आणि अंधार पडल्यावर मोजा. पहाटे, ऊन पडायच्या आत, पुन्हा मोजा. घट 1 पीपीएमच्या आत असेल तर दिवसाची तूट मुख्यतः उन्हाचीच. जास्त असेल तर भिंती घासा, फिल्टर धुवा, क्लोरीन वाढवा. पाणी काचेसारखं दिसलं तरी त्यात शेवाळ धरलेलं असू शकतं.

मोजताना एक गोष्ट बघा. डीपीडीचे (क्लोरीन असलं की गुलाबी होणाऱ्या तपासणी-रसायनाचे) थेंब पडताच नळी गुलाबी होऊन लगेच पांढरी पडली, तर क्लोरीन शून्य नसतं, अती असतं. अशा वेळी घाबरून आणखी ओतू नका. नमुन्यात क्लोरीन नसलेलं तेवढंच पाणी मिसळून पुन्हा तपासा आणि आकडा दुप्पट धरा.

प्रमाण सोपं आहे: 50,000 लिटर पाण्याला 10 टक्क्यांचं हायपो (द्रव सोडियम हायपोक्लोराइट) अर्धा लिटर घातलं की 1 पीपीएम वाढतं. हायपोचा कॅनही सावलीत, थंड जागी ठेवा, नाहीतर झाकण न उघडताच त्याचा जोर कमी होतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट मापायला एकच भांडं कधीही वापरू नका, दोन्ही एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो.