चिनी पंचमसाला: कुटायला घेण्याआधी

मुंबईत दुकानात ‘चायनीज मसाला’ मागितला की हातात नूडल्सचं पाकीट पडतं. त्यात तिखट, मीठ, साखर, कॉर्नफ्लोअर असं सगळं आलेलं असतं. गाडीवरच्या शेजवानची चव लसूण, लाल मिरची, सोया सॉस आणि व्हिनेगर यांच्यातून येते. इथली तयारी वेगळ्या गोष्टीची आहे: वू शियांग फेन, पाच सुगंधांची पूड. यात मीठ नाही, मिरची नाही, अजिनोमोटो तर नाहीच. ते सगळं पदार्थात घालायचं, पुडीत नाही. पुडीत मीठ मिसळलं की ती हवेतलं पाणी ओढते आणि आपल्या हवेत आठवड्यात तिचा गोळा होतो.

यादीत पाचच जिन्नस, पण प्रत्येक वजनावर घ्यायचा. चक्रीफूल 12 ग्रॅम, बडीशेप 12, दालचिनी 10, सिचुआन मिरी 10 आणि लवंग फक्त 4. चाळून साधारण 40 ग्रॅम पूड हाती येते. चमच्याने मोजू नका: चक्रीफूल चमच्यात मावत नाही, आणि लवंगेचा एक चमचा जास्त पडला तर सगळ्या मसाल्याला दातदुखीच्या औषधाचा वास येतो. एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा हवाच.

खरेदीला मशीद बंदर किंवा लालबागची मसाला गल्ली, दोन्ही चालतील. चक्रीफूल अख्खं घ्या, बहुतेक आठ पाकळ्यांचं, आत चकचकीत तपकिरी बी असलेलं. नखाने पाकळी मोडली की बडीशेपेसारखा गोड वास आला पाहिजे. तयार पूड घेऊ नका: चक्रीफुलासारखं दिसणारं जपानी जातीचं फूल विषारी असतं, आणि पूड झाल्यावर दोन्ही ओळखता येत नाहीत. दालचिनीच्या बाबतीत मात्र उलटी गंमत आहे. नाजूक, कागदासारखे पदर असलेली महागडी सिलोनी दालचिनी इथे नको. बाजारात सहज मिळणारी जाड, लालसर, तिखट साल, म्हणजे कॅशिया, तीच चिनी मसाल्याची खरी दालचिनी. बडीशेप स्वयंपाकाची जाड घ्या, मुखवासाची साखर लावलेली नको.

खरी अडचण सिचुआन मिरीची. ही मिरीच्या वेलाची नाही, त्यामुळे काळी मिरी घालून तिची जागा भरत नाही. जिभेला येणारी झिणझिणी हेच तिचं काम. न मिळाल्यास कोकणातलं तिरफळ आणा. ते सिचुआन मिरीच्याच कुळातलं, आणि बांगड्याच्या आमटीमुळे बहुतेक मराठी घरांना त्या झिणझिण्या ओळखीच्या आहेत. मात्र तिरफळाचा वास जास्त उग्र, लिंबाच्या सालीकडे झुकणारा. म्हणून 10 ऐवजी 7 ग्रॅम पुरे. दोन्हींतलं काळं बी काढून टाकायचं आणि वजन नुसत्या टरफलांचं धरायचं. बी राहिलं तर कितीही वाटा, दाताखाली वाळूच येते. काटे आणि देठही निवडा. मसाल्याचा सगळ्यात कंटाळवाणा अर्धा तास हाच.

भाजण्याआधी खलबत्त्यात दालचिनी आणि चक्रीफुलाचे तुकडे करून ठेवा. अख्खे टाकले तर मिक्सरचं पातं अडकतं. जाड बुडाची कढई, मंद आच, आणि सगळं एकदम ओतायचं नाही. दालचिनी व चक्रीफूल तीन मिनिटं, बडीशेप दीड, सिचुआन मिरी किंवा तिरफळ एक, लवंग जेमतेम अर्धं मिनिट. रंग बदलेपर्यंत थांबू नका, वास सुटला की उतरवा. हे गोड्या मसाल्यासारखं खमंग भाजणं नाही. इथे फक्त ओल घालवायची आहे. बडीशेप तपकिरी झाली तर पूड कडवट होते, आणि त्यावर उपाय नाही.

मग स्टीलच्या ताटात पसरून अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या. कोमट मसाला वाटला तर वाफ भांड्याच्या झाकणाला धरते आणि पूड कडेला चिकटते. जून ते सप्टेंबरात ताट उघडं ठेवून विसरू नका, कुरकुरीत बडीशेप तासाभरात मऊ पडते. 48 ग्रॅमसाठी डंकावर जाण्यात अर्थ नाही. एवढासा माल डंकात हरवतो आणि आधीच्या माणसाची मिरची घेऊन परत येतो. मिक्सरचं चटणीचं छोटं भांडं घ्या, त्यात आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून जुना वास काढा. मग दहा-दहा सेकंदांचे पाच-सहा फेरे, मध्ये थांबत. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि सुगंधी तेल उडून जातं.

मैद्याच्या चाळणीने चाळा, वरचा चोथा पुन्हा एकदा वाटा. तरीही उरलेले दालचिनीचे तंतू पुलावाच्या पाण्यात उकळून गाळून टाका.

आता चव. चिमूटभर पूड गरम भातावर, थोड्या मिठाबरोबर. लवंग पुढे येत असेल तर दोन ग्रॅम भाजलेल्या बडीशेपेची पूड मिसळा. नुसती कोरडी पूड चाखून निर्णय घेऊ नका, ती नेहमीच कडू लागते.

बरणी काचेची, उन्हात वाळवलेली. प्लॅस्टिकला लवंगेचा वास कायमचा बसतो. झाकणावर तारीख लिहा, गॅसपासून लांब ठेवा, दोन-तीन महिन्यांत संपवा. आणि उकळत्या कढईवर बरणी थेट उपडी करू नका, वाफ आत शिरते. कोरड्या चमच्याने वाटीत काढून मगच घाला: अर्धा किलो चिकनला पाऊण छोटा चमचा, मशरूम किंवा पनीरला त्याच्याही निम्मा.