शेळी गाभडली: वार उकिरड्यावर टाकायच्या आधी

शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. चौथ्या-पाचव्या महिन्यात तिनं गाभ टाकला की बहुतेक घरी मेलेलं पिल्लू आणि वार (पिल्लामागून पडणारा जार) उकिरड्यावर जाते आणि शेळीला लगेच एक इंजेक्शन टोचलं जातं. उकिरड्यावरची वार कुत्री गावभर ओढतात. इंजेक्शनमुळे तपासणीत जंतू सापडण्याची शक्यता घटते. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी वार झाकायची, मग नमुना घ्यायचा आणि औषध त्यानंतर.

एक शेळी गाभडली म्हणजे रोगच, असं नाही. म्हशीनं शिंग मारलेलं असतं, कोवळं कडवळ खाऊन विषबाधा झालेली असते, किंवा शेवटच्या महिन्यात तापावर कुणी स्टेरॉइड टोचलेलं असतं (हे वाटतं त्यापेक्षा जास्त घडतं). पण शेकडा पाचच्या वर शेळ्या गाभडल्या, किंवा पाच-दहा शेळ्यांच्या दावणीत महिन्याभरात दुसरी गाभडली, तर साथ धरून चाला. दुसरी गाभडेल की नाही हे पहिलीच्या वेळी कळत नाही, त्यामुळे पहिलीची वारही सांसर्गिक समजूनच उचला.

पहिला तास

घरातल्या गरोदर बाईला आणि लहान मुलांना गोठ्यातून लांब करा. तोंडाला रुमाल बांधा, हातमोजे घाला. हातमोजे नसतील तर दुधाची किंवा खताची नव्हे, कोरी जाड प्लॅस्टिक पिशवी कोपरापर्यंत चढवून मनगटावर सुतळीनं बांधा. हाताला चीर असेल तर दुसऱ्याला उचलू द्या. अडकलेली वार ओढू नका. ओढली की तुटते, आत राहिलेला तुकडा सडतो आणि शेळीला गर्भाशयाचा दाह होतो.

गाभडलेली शेळी लगेच वेगळी बांधा, किमान तीन आठवडे. तिच्या स्रावातून जंतू पडत राहतात. ब्रुसेलात (गाभ पाडणारा, माणसालाही होणारा जिवाणूंचा रोग) तर दोन-तीन महिनेही पडू शकतात. तिचं चारापाणी सगळ्यांत शेवटी करा.

नमुना

पिल्लू अख्खं, दोन पिशव्यांत. वारेचे तळहाताएवढे दोन-तीन तुकडे, पण त्यावर बटणासारखे लाल गोल भाग हवेतच, कारण रोगाची खूण तिथंच दिसते. सगळं थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून २४ तासांच्या आत पोचवा. रक्त डॉक्टरांकडून लाल झाकणाच्या नळीत ५ मिली घ्या, नळी सावलीत अर्धा-पाऊण तास उभी ठेवा. रक्त गोठायच्या आधी नळी हलवली किंवा बर्फात खुपसली तर सीरम (गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी) लाल होतं आणि चाचणी बिघडते. तीन आठवड्यांनी तिचंच रक्त पुन्हा घ्या: रोगाविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी वाढली का, हे दोन नमुने जोडीनं पाहिल्यावरच कळतं.

नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. फिरत्या पथकासाठी १९६२ वर फोन लागतो. सोबत चिठ्ठी द्या: कितवा महिना होता, शेळी कुठून नि कधी आणली, बोकड कुणाचा लावला, कोणत्या लशी झाल्या.

वार पाहून अंदाज

अंदाजच म्हणायचा, निदान प्रयोगशाळेत. पुढची नावं गाभ पाडणाऱ्या जंतूंची नि रोगांची आहेत. बटणांवर बाजरीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके आणि बटणांच्या मधला पडदा चांगला असेल तर टोक्सोप्लाझ्मा. हा मांजराच्या विष्ठेतून चाऱ्यात येतो, सोबत एखादं वाळून सुकलेलं पिल्लूही निघतं. मधला पडदाच जाड, चामड्यासारखा आणि पिवळसर असेल तर क्लॅमिडिया. तो बहुधा शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत गाभडवतो. शेवटच्या दोन महिन्यांत गाभडणं आणि बोकडाचं अंड सुजलेलं, म्हणजे ब्रुसेलाचा संशय घ्या. पिल्लाच्या यकृतावर गोल डाग हे कॅम्पिलोबॅक्टरचं लक्षण. पावसाळ्यात तुंबलेलं पाणी आणि उंदीर असतील तर लेप्टोस्पायरा आठवा, बुरशी लागलेला मुरघास दिला असेल तर लिस्टेरिया. कळपात आधी ताप, नाक-डोळे वाहणं, हगवण होऊन गेली असेल तर पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूंचा साथरोग). क्यू तापाची मात्र वारेवर खात्रीची खूण नसते, आणि त्याचे जंतू वाळल्यावर धुळीतून माणसाच्या फुफ्फुसात जातात. म्हणून गोठा कोरडा झाडू नका, आधी पाणी मारा.

जागा आणि खड्डा

नमुना गेला की उरलेलं चार फूट खोल पुरा, विहीर नि नाल्यापासून लांब. खाली-वर चुना टाका. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि कुत्री उकरतात, म्हणून वर दगड नि बाभळीच्या काट्या टाका. खालचा पाचोळा-गवत जाळा.

मातीच्या गोठ्यात वरचे दोन-तीन इंच खरवडून त्याच खड्ड्यात टाका आणि चुना पसरा. फरशी असेल तर आधी शेण पूर्ण धुऊन काढा, मग १० लिटर पाण्यात ३५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ओता आणि अर्धा तास राहू द्या. शेणावर ओतलेलं ब्लीचिंग वाया जातं, कारण क्लोरीन शेणातच खर्ची पडतं.

औषध

क्लॅमिडिया किंवा क्यू तापाच्या साथीत पशुवैद्य बाकीच्या गाभण शेळ्यांना दीर्घकाळ काम करणारं ऑक्सिटेट्रासायक्लिन देतात, २० मिग्रॅ प्रति किलो. म्हणजे ३० किलोच्या शेळीला ६०० मिग्रॅ, २०० मिग्रॅ प्रति मिलीच्या बाटलीतून ३ मिली. बाटलीवर लिहिलेल्या दिवसांपर्यंत दूध-मटण वापरू नका. ब्रुसेलात इंजेक्शनानं शेळी निरोगी होत नाही, जंतू अंगात लपून राहतात. अशी शेळी बाजारात विकणं म्हणजे रोग दुसऱ्याच्या दावणीला बांधणं. तिचं काय करायचं ते पशुवैद्यांशी बोलून ठरवा, तोवर बाहेर काढू नका.

गायी-म्हशींना ब्रुसेलाची एस-१९ लस आहे: फक्त मादी वासराला, ४ ते ८ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदा. ती शेळीला टोचायची नाही. शेळ्या-मेंढ्यांना पीपीआरची लस करून घ्या.

घरातली माणसं

दूध उकळूनच प्या, चीकही कच्चा नको. वार हाताळल्यावर काही आठवड्यांनी संध्याकाळचा ताप, रात्री घाम, कंबर-सांधे दुखणं, पुरुषाला अंडकोषावर सूज असं काही दिसलं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की "घरची शेळी गाभडली होती". नाही सांगितलं तर टायफॉइड-मलेरियाच्या गोळ्यांत महिने जातात. ब्रुसेलोसिसला (माणसाला झालेल्या ब्रुसेलाला) दोन औषधं मिळून किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून मधेच सोडली की आजार उलटतो.

नवी शेळी

बाजारातून आणलेली किंवा ऊसतोडीवरून कळपासोबत परतलेली शेळी महिनाभर वेगळी बांधा नि रक्त तपासा. गाभण शेळीची चाचणी निगेटिव्ह आली तरी व्याल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा करा, लपलेला ब्रुसेला बऱ्याचदा तेव्हाच वर येतो. गावभर फिरणारा बोकडही वर्षातून एकदा तपासून घ्या.