शिकागोहून मिनियापोलिसला घर हलवताय? या चुका टाळा

शिकागोजवळच्या शॉमबर्ग किंवा नेपरव्हिलहून मिनियापोलिसच्या ईडन प्रेअरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्ह भागात जायचं म्हणजे साधारण ४०० मैल, गाडीने सहा-साडेसहा तास. अंतर एवढंसं वाटतं, म्हणून बजेटही गावातल्या गावात घर बदलल्यासारखं केलं जातं: ट्रकचं भाडं, पेट्रोल आणि मदतीला आलेल्या मित्रांचं जेवण. प्रत्यक्षात पैसा जिरतो तो तारखांत, वजनात आणि कागदपत्रांत. दर उन्हाळ्यात याच चुका होतात, आणि त्यातल्या बहुतेक सामानाला हात लावायच्या आधीच झालेल्या असतात.

आधी ट्रक बुक केला, तारखा नंतर पाहिल्या

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नेहमीचं चित्र असं असतं. शिकागोची लीज ३१ जुलैला दुपारी बाराला संपते, मिनियापोलिसची १ ऑगस्टला सुरू होते. एकाही दिवसाचं दुहेरी भाडं नाही, म्हणून घरात समाधान. आता हाच हिशेब तासांत मांडा. ३१ तारखेला बारा वाजता घर रिकामं करून, झाडून-पुसून किल्ली द्यायची, म्हणजे ट्रक ३० तारखेलाच भरायला हवा. ती रात्र रिकाम्या घरात, मुलांसकट जमिनीवर. ३१ ला भरलेल्या ट्रकने निघायचं. ट्रक ताशी ६०-६५ मैलांच्या वर नेऊ नये, पेट्रोल आणि जेवणाचे थांबे धरले की आठ-नऊ तास होतात. पोहोचता रात्री, आणि नव्या घराची किल्ली दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्यावर. म्हणजे एक हॉटेल, ट्रकचा आणखी एक दिवस, आणि तुमचा सगळा संसार रात्रभर हॉटेलच्या पार्किंगमध्ये. १ तारखेला त्याच बिल्डिंगमध्ये आणखी चार कुटुंबं येतात. लिफ्ट दुपारी तीननंतर मिळते आणि ठरवलेले हमाल तासावर पैसे घेत लॉबीत उभे राहतात.

यावर उपाय एकच: नवी लीज पाच दिवस आधी सुरू करा. भाडं २,१०० डॉलर धरलं तर दिवसाला ६८ च्या आत पडतं. २७ ते ३१ जुलैचे पाच दिवस म्हणजे सुमारे ३४० डॉलर. हॉटेल, ट्रकचा जादा दिवस आणि हमालांचे फुकट गेलेले तास मिळून याच्या आसपास जातातच, वर दमणूक वेगळी. लीजिंग ऑफिसला सही करण्याआधी विचारा, सहीनंतर नाही. रिकाम्या पडलेल्या फ्लॅटला चार-पाच दिवसांचं दिवसावारी भाडं घ्यायला ते बहुधा तयार असतात. शिवाय ट्रक आठवड्याच्या मधल्या दिवशी घेता येतो. महिनाअखेर आणि शनिवार-रविवार हे ट्रकचे सगळ्यात महाग दिवस.

आणखी एक तारीख या वाटेवर लक्षात ठेवावी. वाटेत लागणाऱ्या विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनमध्ये विद्यार्थ्यांच्या बहुतेक लीज १५ ऑगस्टला सुरू होतात. त्या आठवड्यात त्या पट्ट्यात ट्रक आणि हमाल दोन्हींची टंचाई असते. तुमची तारीख तिथेच येत असेल तर बुकिंग सहा-आठ आठवडे आधी करा.

डिपॉझिटचाही वेळ पैशात मोजा. इलिनॉयच्या कायद्यानुसार पाच किंवा अधिक घरांच्या बिल्डिंगमध्ये मालकाला डिपॉझिट परत द्यायला ४५ दिवस मिळतात, आणि त्यातून काही कापायचं असेल तर ३० दिवसांत तपशील द्यावा लागतो. म्हणजे नव्या घराचं डिपॉझिट जुन्याच्या पैशातून भरता येणार नाही. दोन्ही डिपॉझिटं दीड महिना एकाच वेळी अडकलेली असतील, असं धरूनच बँकेत पैसे ठेवा. निघताना नवा पत्ता लेखी द्या, आणि रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. फ्रिजच्या आतून, ओव्हनच्या आतून, बाथटबच्या कडेने.

फोनवरच्या आकड्यावर विश्वास

ट्रक स्वतः न चालवता मूव्हर ठरवणाऱ्यांची ही चूक. इंटरनेटवर एक फॉर्म भरला जातो, दहा मिनिटांत पाच फोन येतात. सगळ्यात गोड बोलणारा माणूस विचारतो, "टू बेडरूम ना? सोफा, दोन बेड, वीस-पंचवीस खोकी?" आणि ३,२०० डॉलर सांगतो. पुष्कळदा हा मूव्हर नसतोच, ब्रोकर असतो. तो काम दुसऱ्याच ट्रकवाल्याला विकतो. ठरल्या दिवशी ट्रक येतो, फोरमन घरातून फिरतो आणि म्हणतो, हे तर ६,००० पौंड आहे, कागद ४,००० चा आहे. तुमची लीज त्या दुपारी संपते. तुम्ही सुधारलेल्या एस्टिमेटवर सही करता. घाईत केलेल्या त्या एका सहीने जुना आकडा संपतो आणि नवा लागू होतो.

नियम तुमच्या बाजूने आहेत, पण ते आधी माहीत असावे लागतात. एस्टिमेट 'नॉन-बाइंडिंग', म्हणजे फक्त अंदाजाचं, असेल तर डिलिव्हरीच्या वेळी मूव्हर त्या आकड्याच्या ११० टक्क्यांहून जास्त मागू शकत नाही. ३,२०० च्या एस्टिमेटवर ३,५२० देऊन सामान उतरवून घ्यायचा तुमचा हक्क आहे, उरलेल्या कायदेशीर रकमेसाठी नंतर ३० दिवसांची मुदत मिळते. मात्र ट्रक भरण्याआधी तुम्ही नव्या एस्टिमेटवर सही केलीत, तर ११० टक्के त्या नव्या आकड्याचे.

म्हणून 'बाइंडिंग' (ठरलेल्या आकड्याचं) किंवा त्याहून चांगलं म्हणजे 'नॉट-टू-एक्सीड' (आकडा वर जाणार नाही, कमी होऊ शकेल असं) एस्टिमेट मागा, तेही घर पाहून केलेलं. प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर. व्हिडिओवर प्रत्येक कपाट उघडा, गॅरेज दाखवा, बाल्कनी आणि भाड्याची स्टोरेजची खोलीही. सामान कमी दाखवून आकडा खाली आणायची हौस करू नका, ती लोडिंगच्या दिवशी तुमच्याच गळ्याशी येते. मूव्हरचा यूएस-डॉट नंबर (केंद्रीय वाहतूक खात्याकडचा नोंदणी क्रमांक) घ्या आणि फेडरल मोटर कॅरियर खात्याच्या साइटवर तो तपासा: तो ब्रोकर आहे की स्वतः सामान नेणारा कॅरियर, घरगुती सामान नेण्याचा परवाना चालू आहे का. दर क्युबिक फुटांवर सांगितला, तर वजनाशी त्याचा हिशेब लेखी मागा. वजन होताना हजर राहण्याचा हक्क आहे, आणि उतरवण्याआधी पुन्हा वजन करून मागण्याचाही.

आपल्या घरांचं वजन मूव्हरच्या ठोकताळ्यात बसत नाही, हेही ध्यानात घ्या. स्टीलचे डबे, तीन कुकर, लोखंडी तवे, वेट ग्राइंडर, मराठी पुस्तकांची दोन कपाटं. आटा आणि तांदळाच्या २० पौंडी चार पिशव्या म्हणजे ८० पौंड, आणि त्या मिनियापोलिसमध्ये त्याच भावात मिळतात. हलवण्याआधी सहा आठवडे किराणा भरणं थांबवा.

सामानाच्या जबाबदारीची ओळही वाचा. फुकट मिळणारं कव्हर पौंडाला ६० सेंट एवढंच असतं. ४० पौंडांचा टीव्ही फुटला तर २४ डॉलर. पूर्ण किमतीची भरपाई देणाऱ्या 'फुल व्हॅल्यू'ला वेगळे पैसे पडतात, पण फर्निचर चांगलं असेल तर घ्यावं.

रिलोकेशनचा लंपसम पूर्ण हातात येतो असं समजणं

घर हलवण्यासाठी कंपनीने एकरकमी ५,००० दिले म्हणजे ५,००० मिळत नाहीत. ती रक्कम पगारच मानली जाते: फेडरल कपात साधारण २२ टक्के, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर ७.६५, वर राज्याचा कर. राज्याआधीच सुमारे १,४८० जातात. हलवण्याचा खर्च टॅक्स रिटर्नमध्ये वजा करण्याची सवलत २०१८ पासून सामान्य नोकरदारांना मिळत नाही, त्यामुळे पावत्या जपून ठेवून ते पैसे परत येणार नाहीत. ऑफर स्वीकारण्यापूर्वी 'ग्रॉस-अप' मागा, म्हणजे कर कंपनीने वरून भरायचा. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास रक्कम परत करायची अट असते. ती कापल्यानंतरच्या रकमेवर आहे की पूर्ण रकमेवर, हे लेखी घ्या.

इलिनॉयचा कर सरसकट ४.९५ टक्के, मिनेसोटाचा ५.३५ पासून ९.८५ पर्यंत चढत जातो. घरून शिकागोच्याच कंपनीचं काम चालू ठेवणार असाल, तर या दोन राज्यांत परस्पर सवलतीचा करार नाही. पेरोलला पहिल्याच आठवड्यात कळवा, नाहीतर वर्षभर चुकीच्या राज्यात कपात होते आणि मिनेसोटाला एकदम भरावं लागतं.

एच-१बी व्हिसा असताना आधी घर हलवणं

इथे सबुरी नसलेल्यांची मला खरंच काळजी वाटते. कामाची जागा एका महानगर क्षेत्रातून दुसऱ्यात जात असेल, तर नव्या ठिकाणी काम सुरू करण्याआधी कंपनीने इमिग्रेशन खात्याकडे सुधारित पिटिशन (व्हिसाचा अर्ज) दाखल करायला हवं. इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या 'सिमियो' निर्णयापासून हे स्पष्ट आहे. कंपनी तीच, पगार तोच, काम घरूनच, म्हणून काही करायला नको, ही समजूत चूक. शिकागो आणि मिनियापोलिस ही दोन वेगळी क्षेत्रं आहेत. पिटिशन दाखल झालं की काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे ट्रकची तारीख वकिलाच्या तारखेनंतरची ठेवा.

हलल्यापासून १० दिवसांत इमिग्रेशनचा पत्ताबदलाचा फॉर्म एआर-११ ऑनलाइन भरा, कुटुंबातल्या प्रत्येक बिगर-नागरिकाचा वेगळा. पोस्टात पत्ता बदलला म्हणजे इमिग्रेशनचं पाकीट नव्या घरी येईल असं धरू नका.

बाकीच्या, थोडक्यात

ट्रकचा साइज बेडरूमवरून ठरवू नका, खोक्यांवरून ठरवा. टू बेडरूमला वीस लहान, पंचवीस मध्यम, आठ मोठी आणि भांड्यांची चार जाड खोकी लागतात. शंका असेल तर एक साइज मोठा घ्या, दुसरी फेरी ४०० मैलांची आहे.

पेट्रोल: मोठा ट्रक गॅलनला दहाच मैल देतो. ४० गॅलन धरा, साडेतीनच्या भावाने १४०. घेतला त्याच काट्यावर परत द्या.

टोल फक्त इलिनॉयमध्ये, पण मागे जोडचाकं असलेल्या ट्रकचा दर गाडीपेक्षा जास्त असतो. रोख घेत नाहीत. १४ दिवसांत ऑनलाइन भरा, नाहीतर ट्रक कंपनी बिल पाठवते आणि त्यावर स्वतःचा आकार लावते.

शहरातून निघत असाल तर लेक शोर ड्राइव्ह टाळा, तिथे ट्रकला बंदी आहे, आणि फोनवरचा नकाशा हे सांगत नाही. ड्राइव्ह-थ्रू आणि पार्किंग गॅरेजपासूनही लांब. वरून छत घासलं तर ते नुकसान ट्रक कंपनीच्या बहुतेक वेव्हरमध्ये (जादा पैसे देऊन घेतलेल्या नुकसानमाफीत) येत नाही. तुमचा कार इन्शुरन्स आणि क्रेडिट कार्डही ट्रकला बहुधा लागू नसतात, फोन करून विचारा.

भरताना जड सामान केबिनच्या भिंतीला, तळाशी, दोन्ही बाजूंना सारखं. दर चार-पाच फुटांवर पट्टा आवळा. मागे वजन पडलं की पुढची चाकं हलकी होतात आणि विस्कॉन्सिनच्या वाऱ्यात स्टिअरिंग हाती राहत नाही. पुस्तकं फक्त लहान खोक्यांत, दीड क्युबिक फुटांच्या.

वेट ग्राइंडरचे दगड ड्रममधून काढून वेगळे गुंडाळा. आत ठेवले तर खड्ड्यागणिक ड्रमवर आपटतात. लोणच्याच्या बरण्या आणि तूप ट्रकमध्ये नको: जुलैत बंद ट्रक भट्टीसारखा तापतो, तेल पातळ होऊन झाकणाखालून झिरपतं आणि खालचं खोकं भिजतं. झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा, वर टेप, आणि बादलीत उभ्या करून गाडीत पायाशी. देव, पासपोर्ट, सोनं, औषधं आणि लसीकरणाची कार्डं याच गाडीत.

मिनेसोटात आल्यावर लायसन्स आणि गाडीच्या नोंदणीला ६० दिवस असतात. इलिनॉयमध्ये साध्या गाडीला सरसकट १५१ डॉलर भरायची सवय असते. इथे कर गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो, नव्या गाडीला तो कितीतरी जास्त येतो. दोन गाड्या असतील तर हा आकडा बजेटमध्ये वेगळा लिहा. कार इन्शुरन्सही बदलतो, कारण इथे नो-फॉल्ट पद्धत आहे (चूक कोणाचीही असो, तुमच्या इजेचा खर्च आधी तुमचाच इन्शुरन्स देतो) आणि माणशी किमान ४०,००० डॉलरचं वैयक्तिक इजा कव्हर सक्तीचं आहे.

सामान उतरताना एक जण दारात यादी घेऊन उभा राहा, दुसरं काही करू नका. प्रत्येक नंबरवर खूण, फुटलेल्या-ओरखडलेल्याची नोंद मूव्हरच्या प्रतीवरही, मगच सही. खोकी उघडल्यावर काही मोडलेलं सापडलं तर ते खोक्यासकट तसंच ठेवा आणि फोटो काढा. लेखी दाव्याला नऊ महिने मिळतात, पण पहिल्या आठवड्यात पाठवलेल्या दाव्यावर वाद कमी होतो.