खाते बंद, पैसे आत: गिफ्ट कार्डाची रक्कम परत मागताना या चुका टाळा

‘तुमचे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे’ असा ऑनलाइन खरेदीच्या साइटचा मेल येतो आणि आठवते, दिवाळीला ऑफिसातून मिळालेली दोन गिफ्ट कार्डे गेल्याच आठवड्यात त्यात टाकली होती. मग तासाभरात माणूस तीन गोष्टी करतो. त्याच मोबाइल नंबरावर नवे खाते काढायला बघतो, गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि कार्डाचा फोटो एक्सवर टाकून कंपनीला टॅग करतो. तिन्ही अंगलट येतात. अशा वेळी रक्कम बहुधा बुडालेली नसते. ती कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत मागायची, इथे घोडे अडते.

कोड वापरला होता का, हे आधी बघा

कार्डाचा कोड खात्यात टाकलाच नसेल, तर खाते बंद झाल्याने कार्डाला काही झालेले नाही. न वापरलेले कार्ड घरातल्या कोणाच्याही खात्यात चालते. इथे लोक घाईत चुकतात ते कोड टाकताना: 8 आणि बी, 0 आणि ओ, 1 आणि आय. चार-पाच वेळा चुकीचा कोड पडला की कोड टाकायची सोयच काही काळ बंद होते, आणि आधीच संशयाखाली असलेल्या घरात आणखी एक खाते अडकते. नाण्याने जोरात खरडून आकडे गेले असतील तर अंदाज बांधू नका. कार्डाच्या मागे खरडायच्या पट्टीबाहेर छापलेला अनुक्रमांक शाबूत असतो. त्यावरून आणि दुकानाच्या बिलावरून कार्ड देणारी कंपनी नोंद शोधू शकते. दुकानातले कार्ड काउंटरवर बिल होतानाच चालू होते, म्हणून ते बिल हाच त्याचा जन्मदाखला.

कोड खात्यात टाकला असेल तर पुढचे सगळे लागू.

‘बॅलन्स’ एक दिसतो, पण पैसा एका जातीचा नसतो

अॅपमध्ये 8,740 रुपये असा एकच आकडा दिसत असला तरी त्यात गिफ्ट कार्डाचे 5,000, तुम्ही स्वतः भरलेले वॉलेटचे 2,000, परत केलेल्या मालाचे 1,000 आणि कॅशबॅकचे 740 असू शकतात. सरसकट ‘8,740 परत करा’ असे लिहिले, की पलीकडचा माणूस कॅशबॅकवर बोट ठेवतो आणि सगळ्या मागणीला अटी-नियमांचा एकच परिच्छेद चिकटवून मोकळा होतो. कॅशबॅक आणि कॉइन ही साइटची बक्षिसी. तिच्यावर भांडण्यात वेळ घालवू नका. बाकीच्या तिघांची फोड करा.

त्यातही परताव्याचा पैसा फसवा असतो. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की ज्या प्रीपेड साधनातून, म्हणजे आधी पैसे भरून मग वापरायच्या कार्डातून किंवा वॉलेटमधून, खरेदी झाली त्यातच परतावा जायला हवा. म्हणजे गिफ्ट कार्डाने घेतलेली मिक्सर परत केलीत तर पैसे बँकेत येत नाहीत, त्याच बंद खात्याच्या शिल्लकीत जाऊन बसतात. खाते बंद झाल्याच्या तारखेनंतर आलेला असा परतावा मागणीत धरायचा राहून जातो.

‘पैसे बँकेत टाका’ ही मागणी बहुतेकदा फेटाळली जाते

सगळ्यात महागडी चूक ही. गिफ्ट कार्ड म्हणजे बँकखाते नव्हे. प्रीपेड साधनांबद्दल रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट 2021 चे निर्देश आहेत. त्यांत गिफ्ट साधनाची कमाल रक्कम 10,000 रुपये आहे, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, आणि रोख काढणे किंवा दुसरीकडे वळवणे यांना बंदी आहे. पण त्याच कलमात दोन वाटा ठेवलेल्या आहेत. एक, कार्डधारकाच्या संमतीने रक्कम मूळ खात्यात, म्हणजे ज्या खात्यातून कार्डाचे पैसे भरले त्यात, परत जाऊ शकते. दोन, कार्डधारकाने मागितल्यावर कार्डाला पुन्हा मुदत देता येते, नवे कार्ड देऊनसुद्धा.

आता दिवाळीच्या कार्डाचे उदाहरण घ्या. ते कंपनीच्या खात्यातून घेतलेले. तुम्ही ‘मूळ खात्यात परत करा’ असे लिहून संमती दिलीत तर पैसे जातील एचआरकडे, आणि तिथून ते सोडवणे हा वेगळाच उद्योग. भेट मिळालेल्या कार्डासाठी मागायचे ते तेवढ्याच रकमेचे नवे कार्ड. स्वतःच्या बँकेतून किंवा क्रेडिट कार्डाने घेतले असेल तरच मूळ खात्यात परत मागा. वॉलेटच्या रकमेला नियम वेगळा आहे. वॉलेट बंद करून शिल्लक मूळ खात्यात किंवा केवायसी (ओळखीची पडताळणी) पूर्ण असल्यास बँकेत मागता येते.

मुदत संपली म्हणून गप्प बसणारेही बरेच. कार्डाला किमान एक वर्षाची मुदत असावी लागते आणि संपण्याआधीच्या 45 दिवसांत एसएमएस किंवा मेलने सूचना द्यावी लागते. बँक नसलेल्या कंपनीला मुदत संपल्यावरही किमान तीन वर्षे ती रक्कम स्वतःच्या नफ्यात वळती करता येत नाही. मुदतीनंतर परतावा मागितला तर तो कार्डधारकाच्या बँकखात्यात द्यायचा असतो. खाते बंद असताना मुदत उलटली तर हेच कलम नावानिशी दाखवा.

कार्ड कोणाचे, दुकान कोणाचे

मोठ्या साइटच्या नावाने विकली जाणारी बरीच कार्डे त्या साइटची नसतात. कार्डाच्या मागे किंवा मेलच्या तळाशी बारीक अक्षरात जारी करणाऱ्या कंपनीचे नाव असते. क्विकसिल्व्हर ही अशी कार्डे चालवणारी कंपनी 2019 मध्ये पाइन लॅब्जने विकत घेतली, त्यामुळे जुन्या कार्डावर एक नाव आणि नव्यावर दुसरे दिसू शकते. लोक महिनाभर साइटशी भांडतात आणि जारीकर्त्याला एक ओळही लिहीत नाहीत. दोघांना एकाच दिवशी लिहा. जारीकर्ता रिझर्व्ह बँकेचा परवानाधारक आहे की नाही, हे बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत सापडते. एखाद्या साखळी दुकानाने फक्त स्वतःच्या मालासाठी काढलेले कार्ड या यादीत येत नाही. त्याला वरचे निर्देश लागू होत नाहीत, तिथे ग्राहक कायदाच उपयोगी.

चॅटवर भांडू नका, मेल लिहा

खाते बंद झाले की लॉगिन जाते, लॉगिनबरोबर ऑर्डरचा इतिहास आणि जुने चॅटही जाते. मग पुरावा उरतो तो इनबॉक्समध्ये आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. कार्ड मिळाल्याचा मेल, कोड जमा झाल्याचा मेल किंवा एसएमएस, शेवटच्या ऑर्डरची पावती आणि खाते बंद झाल्याचा मेल, या चार गोष्टी एका पीडीएफमध्ये घाला. मेल नोंदणी केलेल्या पत्त्यावरूनच पाठवा; दुसऱ्या पत्त्यावरून गेला तर ‘खातेधारक म्हणून ओळख पटत नाही’ यावर पंधरा दिवस जातात. मजकूर एवढा पुरे:

‘माझे खाते 14 तारखेला बंद केले. त्यात गिफ्ट कार्डाची 5,000 रुपये शिल्लक होती. कार्डाचा अनुक्रमांक सोबत, कोडचे शेवटचे चार आकडे असे. ही मागणी खाते पुन्हा उघडण्याची नाही. कृपया तेवढ्याच रकमेचे नवे गिफ्ट कार्ड याच मेलवर द्यावे. ते शक्य नसल्यास ज्या अटीखाली नाकारत आहात त्या अटीचा क्रमांक लेखी कळवावा. तक्रार क्रमांक द्यावा.’

‘खाते पुन्हा उघडण्याची नाही’ हे वाक्य मुद्दाम आहे. खाते का बंद केले, हा साइटच्या सुरक्षा विभागाचा विषय आणि तिथून कारण सहसा सांगत नाहीत. दोन्ही मागण्या एका मेलमध्ये घातल्या की तो मेल त्याच विभागात जाऊन पडतो. खाते उघडायचा अर्ज हवा तर वेगळा करा. आणि कोड पूर्ण कधीच लिहू नका. ज्याच्या हाती कोड, त्याच्या हाती पैसा.

बँकेत जाऊन चार्जबॅक टाकणे, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेकरवी परत मागणे, ही आणखी एक उतावीळ चाल. कार्ड तुम्हाला मिळाले होते आणि चालूही झाले होते, मग बँकेपुढे तक्रार टिकायला अवघड. वर साइटच्या नोंदीत ‘पैसे देऊन मागे घेतले’ असा शेरा बसतो, तो पुढे नडतो.

कोणत्या दारात, किती दिवसांनी

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार प्रत्येक साइटला तक्रार अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर दाखवावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. कस्टमर केअर म्हणजे तक्रार अधिकारी नव्हे. सहा महिने कॉल सेंटरशी बोललेल्या माणसाची या अधिकाऱ्याकडे पहिली तक्रारसुद्धा गेलेली नसते, असे हमखास दिसते.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. मराठीत बोलता येते. हेल्पलाइन आदेश देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागवते. पण बऱ्याच कंपन्या इथे पहिल्यांदा जाग्या होतात. परवानाधारक जारीकर्त्याने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा नाकारले, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जाता येते, माहितीसाठी 14448. त्याआधी गेलात तर तक्रार ‘मुदतपूर्व’ म्हणून परत येते. साइटविरुद्धची तक्रार लोकपालाकडे नेणेही व्यर्थ, तो साइटचा नव्हे, जारीकर्त्याचा न्याय करतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असली तरी. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि अर्ज ऑनलाइन, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर होतो. मुदत दोन वर्षांची. ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजतात, शेवटच्या मेलपासून नव्हे. ‘बघतो, बघतो’ म्हणणाऱ्या मेलांनी ती वाढत नाही.

परताव्याला यूपीआय पिन लागत नाही

गूगलवर सापडलेला ‘रिफंड हेल्पलाइन’ नंबर खोटा असण्याची शक्यता फार. पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीन शेअर करणारे अॅप टाकायला लावतो, किंवा ‘पडताळणीसाठी’ आणखी एक कार्ड घ्यायला सांगतो. पैसे आत येताना पिन कधीच द्यावा लागत नाही. रक्कम गेलीच तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन, बाकीचे नंतर.

स्वतःच खाते बंद करणार असाल तर

तिथे साइटकडून फारशी अपेक्षा ठेवू नका. बंद करायच्या पानावर ‘उरलेली शिल्लक सोडतो’ अशा अर्थाची चौकट असते आणि ती तुम्हीच टिचकी मारून मान्य करता. त्याआधी शिल्लक शून्यावर आणा: किमतीतला फरक यूपीआयने भरून एखादी वस्तू घ्या. शिल्लकीतून दुसरे गिफ्ट कार्ड घेण्याचा बेत सहसा साइट हाणून पाडते. शेवटच्या वस्तूची परत करण्याची मुदत उलटेपर्यंत थांबा, नाहीतर परतावा बंद दारावर येऊन उभा राहील.

अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेले तिथल्या साइटचे कार्ड इथल्या साइटवर चालत नाही, आणि इथला लोकपालही त्याला लागू नाही. तिथल्या केंद्रीय कायद्याने दुकानाच्या गिफ्ट कार्डाची रक्कम किमान पाच वर्षे जिवंत राहते, तेव्हा मागणी मुलानेच, कार्ड घेतलेल्या मेलवरून, तिथेच करावी.

मागणी मान्य झाली की नवा कोड मेलवर येतो. तो त्याच दिवशी उघडून बघा, रक्कम आणि नवी मुदत तपासा, मेलची प्रत जपून ठेवा. ज्या मोबाइल नंबरावर आणि पत्त्यावर जुने खाते बंद झाले, त्याच नंबराच्या नव्या खात्यात तो टाकू नका. साइट अशी खाती एकमेकांशी जोडून पाहते, आणि दुसऱ्यांदा अडकलेल्या रकमेसाठी पहिल्या मेलपासून सुरुवात करावी लागते.