झोपलेल्या लॅपटॉपची बॅटरी रात्रीतून उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. कॉलेजची मशीन्स हे माझं काम, पण मुलांचे स्वतःचे लॅपटॉपही शेवटी माझ्याच टेबलावर येतात. त्यांतली ठरलेली तक्रार एकच: "मॅडम, रात्री ऐंशी टक्के होती, सकाळी बघतो तर वीस. बॅटरी गेली ओ." कधीकधी ती खरंच गेलेली असते. पण बऱ्याचदा बॅटरी बरी असते आणि लॅपटॉपच रात्रभर नीट झोपलेला, म्हणजे स्लीपमध्ये, नसतो. अशा वेळी नवी बॅटरी टाकली तरी ती तशीच उतरणार. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी काय करायचं ते सांगते. विंडोजचं सविस्तर सांगते, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक लॅपटॉप तेच.

पहिलं काम मोजायचं. रात्री चार्जर काढा, टक्के आणि वेळ कागदावर लिहा, झाकण मिटा. सकाळी उघडल्या उघडल्या पुन्हा टक्के बघा. दुसऱ्या रात्री हेच करा, पण लॅपटॉप पूर्ण बंद करून. शटडाउनवर क्लिक करताना शिफ्ट दाबून धरा, म्हणजे विंडोजची पटकन सुरू होण्याची सोय, फास्ट स्टार्टअप, आड येत नाही आणि मशीन खरोखर बंद होतं. चार्जर लावून ही मोजणी करू नका. रात्री लाइट गेली-आली की आकड्यांना काही अर्थ राहत नाही, आणि आपल्याकडे ती जाते.

आता दोन्ही सकाळचे आकडे शेजारी ठेवा. पूर्ण बंद असूनही दहा-पंधरा टक्के गेले असतील तर झोपेला दोष देऊ नका. एकतर बॅटरी थकली आहे, नाहीतर लॅपटॉप बंद असतानाही यूएसबीतून मोबाइल चार्ज करायची सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, चालू आहे. ती बंद करून परत मोजा. बंद असताना चार्ज टिकला आणि झोपेत उतरला, तर मात्र झोपेचीच चौकशी करायची. आठ तासांत पाच-सात टक्के जाणं मी ठीक धरते. पंधराच्या पुढे गेलं की शोधायला घेते.

टक्क्यांची एक गंमत लक्षात ठेवा. समजा झोपेत तुमचा लॅपटॉप अर्धा वॉट खातो. आठ तासांत चार वॉट-तास झाले. बॅटरी 41 वॉट-तासांची आणि नवी असेल तर हे सुमारे 10 टक्के. तीच बॅटरी झिजून 24.6 वर आली असेल, तर तेच चार वॉट-तास 16 टक्के दिसतात. खर्च तेवढाच, भांडवल कमी. म्हणून झोपेची चौकशी करण्याआधी बॅटरीत किती जीव उरला आहे ते बघून घ्यायचं.

ते विंडोज स्वतःच सांगतं. स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक करून टर्मिनल अ‍ॅडमिन उघडा. विंडोज 10 मध्ये तिथे पॉवरशेल अ‍ॅडमिन दिसेल, तेही चालेल. कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या आहेत, पण मी त्या इथे उच्चाराप्रमाणे लिहिते, लॅबमध्ये मोठ्याने सांगते तशाच. पॉवर, त्याला चिकटून सी एफ जी, मग एक जागा सोडा, मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट, हाही एकच शब्द. एंटर दाबलं की एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही खाली लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी म्हणजे कंपनीतून निघताना बॅटरी केवढी होती, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज पूर्ण भरल्यावर ती किती धरते. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याजवळ आला असेल तर बॅटरी बदलायचीच आहे. ऐंशी टक्क्यांच्या आसपास असेल तर पैसे खिशात ठेवा.

दुसरी कमांड: पॉवरसीएफजी, जागा, तिरकी रेघ, ए. तुमच्या मशीनला कोणकोणत्या प्रकारची झोप येते त्याची यादी मिळते. यादीच्या वरच्या भागात एस थ्री दिसली तर ती जुनी, गाढ झोप. चालू काम धरून ठेवणाऱ्या रॅमला तेवढी वीज मिळत राहते, बाकी जवळपास सगळं बंद. एस झिरो लो पॉवर आयडल दिसली तर तुमच्याकडे मॉडर्न स्टँडबाय आहे. ही झोप मोबाइलसारखी चालावी म्हणून आणली. विंडोज 8 मध्ये 2012 साली तिचं नाव कनेक्टेड स्टँडबाय होतं, विंडोज 10 सोबत 2015 पासून ती मॉडर्न स्टँडबाय झाली. यात प्रोसेसर पूर्ण बंद होत नाही. एसटीत डुलकी घेणारा माणूस प्रत्येक थांब्याला डोळा उघडून गाव बघतो, तसा हा लॅपटॉप मधून मधून जागा होऊन वायफाय, मेल, अपडेट बघतो. सगळे ड्रायव्हर, म्हणजे वायफाय, ऑडिओ असे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर, नीट वागले तर खर्च थोडा असतो. एखादा बिघडला तर डोळा उघडतो तो उघडाच राहतो. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस थ्री ठेवलेलीच नाही, त्यामुळे "माझा जुना लॅपटॉप बरा झोपायचा" ही तक्रार अगदी खरी आहे.

मॉडर्न स्टँडबाय असेल तर पुढची कमांड सोन्यासारखी: पॉवरसीएफजी, जागा, तिरकी रेघ, स्लीपस्टडी. गेल्या तीन दिवसांत लॅपटॉप कधी झोपला, किती वेळ झोपला आणि तेवढ्यात किती बॅटरी गेली, याचा पूर्ण पंचनामा. लाल पट्टी दिसली की त्या झोपेवर क्लिक करा. खाली टॉप ऑफेंडर्सची यादी येते. तिथे सगळ्यात वर, जास्त टक्के वेळ जागं असलेलं नाव शोधा. मला तिथे नेहमी भेटणारी मंडळी म्हणजे वायफायचा ड्रायव्हर, ऑडिओचा ड्रायव्हर आणि यूएसबीला लावून विसरलेली एखादी वस्तू. ड्रायव्हर असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा नवा ड्रायव्हर घ्या, आणि बायोसचा अपडेट असेल तर तोही, चार्जर लावून. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट" करून देणारी फुकटची सॉफ्टवेअर घेऊ नका. मुलं ती टाकून येतात आणि मग आधी ती काढण्यात माझा वेळ जातो.

झोपेतलं इंटरनेट तोडलं तरी बराच फरक पडतो. सेटिंग मिळत नसेल तर कमांड अशी: पॉवरसीएफजी, जागा, तिरकी रेघ आणि सेटडीसीव्हॅल्यूइंडेक्स, जागा, स्कीम अंडरस्कोर करंट, जागा, सब अंडरस्कोर नन, जागा, कनेक्टिव्हिटीइनस्टँडबाय, जागा, शून्य. लांब आहे, पण एकदाच करायची. काही मशीनवर अजून एक खोड असते: चार्जर लावलेला असताना झाकण मिटलं आणि मग चार्जर उपसला, तर लॅपटॉप चार्जरवर असल्यासारखाच वागत राहतो. म्हणून आधी चार्जर काढा, मग झाकण मिटा. याला पैसे लागत नाहीत.

एस थ्रीवाल्यांचा शोध वेगळा. तिथे झोप चांगली असते, पण कोणीतरी उठवतं. सकाळी झाकण उघडायच्या आधीच पंखा फिरत असेल तर पॉवरसीएफजी, तिरकी रेघ, लास्टवेक ही कमांड शेवटचं कोणी उठवलं ते सांगते, आणि वेकटायमर्स लिहिलं तर पुढे कोण उठवणार आहे तेही. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा वायरलेस माउस सापडतो. त्याचं छोटं डोंगल लॅपटॉपलाच राहतं, माउस त्याच बॅगेत, आणि बस खड्ड्यातून गेली की माउस हलतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये जाऊन कॉम्प्युटरला उठवायची परवानगी देणारी खूण काढा. नाहीतर डोंगल उपसा, तेवढं पुरतं.

झाकणाकडेही एकदा बघा. झाकण मिटलं हे लॅपटॉपला एका चुंबकामुळे आणि ते ओळखणाऱ्या सेन्सरमुळे कळतं. बिजागरी तुटलेली असेल, झाकण एका कोपऱ्यात उचललेलं राहत असेल, तर लॅपटॉपच्या लेखी ते उघडंच आहे. बिजागरी धड असूनही झाकण नीट बसत नसेल किंवा टचपॅड वर आल्यासारखं वाटत असेल, तर बॅटरी फुगली असू शकते. मग वरचं सगळं सोडा. चार्जिंग थांबवा, दाबू नका, टोचू नका, स्वतः उघडू नका, जाणत्या माणसाकडे न्या.

आता उन्हाळ्याचं. हे मी पोरांना ओरडून सांगते, कारण एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि स्कूटीच्या डिकीत त्याहून बराच जास्त. लिथियम-आयन बॅटरीचे दोन शत्रू: उष्णता, आणि उष्णतेत पूर्ण भरलेली राहणं. त्यात लॅपटॉप नीट न झोपता बॅगेत घातला तर आतून तोही तापतो, पंख्याला हवा मिळत नाही, आणि बॅटरी एका दुपारीत झिजते ती कायमची. पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघालेल्या मुलाने दौंडला बॅग उघडली आणि लॅपटॉप हात लावू देईना, हे माझ्या घरातलंच उदाहरण आहे. अ‍ॅपल आपले मॅकबुक 10 ते 35 अंश तापमानात वापरायला सांगते. आपल्या मे महिन्याला ते जमणं कठीण आहे, पण डिकी तरी टाळता येते.

म्हणून बॅगेत जाणाऱ्या लॅपटॉपसाठी माझं मत एकच: झोपेच्या नादी लागू नका, हायबरनेट लावा. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन बंद होतं. उघडल्यावर तुमच्या खिडक्या जिथल्या तिथे, आणि बॅटरी जवळपास काल होती तेवढीच. एसएसडी असेल तर जागं व्हायला थोडे सेकंद जास्त लागतात. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर चहा ठेवून या. सी ड्राइव्हवर मात्र काही जीबी जागा मोकळी हवी.

कसं लावायचं? कंट्रोल पॅनलमध्ये हार्डवेअर अँड साउंड, मग पॉवर ऑप्शन्स, आणि डावीकडे झाकण मिटल्यावर काय करायचं ते ठरवणारी ओळ. ऑन बॅटरीच्या खाली हायबरनेट निवडा, प्लग्ड इनच्या खाली स्लीप राहू द्या. हायबरनेट यादीतच दिसत नसेल तर टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजी, तिरकी रेघ, हायबरनेट, जागा, ऑन. स्टार्टच्या पॉवर मेनूतही ते हवं असेल तर त्याच पानावर वरती "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" अशी बारीक निळी ओळ आहे. तिच्यावर क्लिक केल्याशिवाय खालच्या चौकटीत खूण करता येत नाही, आणि तीच ओळ कोणाला दिसत नाही.

दोन लेक्चरच्या मध्ये दहा मिनिटं झाकण मिटणाऱ्याला दर वेळी हायबरनेट त्रासाचं वाटेल. त्याने झाकणाला स्लीपच ठेवावं आणि तासाभराने आपोआप हायबरनेट होऊ द्यावं: पॉवरसीएफजी, तिरकी रेघ, चेंज, जागा, हायबरनेट-टाइमआउट-डीसी, जागा, 60. मधली दोन्ही आडव्या रेघांची चिन्हं टाइप करायची. 60 म्हणजे मिनिटं. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या सुटीत लॅपटॉप नुसता झोपवून गावी जाणाऱ्यांनी तर हे कराच. तासाला एक टक्का हा चांगला हिशोब धरला तरी चार दिवसांत जवळपास शंभर टक्के संपतात, मग त्यात बॅटरीचा काय दोष?

विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात त्या रजिस्ट्रीत एक ओळ घालून मॉडर्न स्टँडबाय बंद करण्याचा उपाय तुम्हाला व्हिडिओंत सापडेल. काही मशीनवर तो चालतो. काहींवर त्यानंतर स्लीपच मेनूतून नाहीशी होते, कारण मशीनमध्ये एस थ्री मुळातच नसते. काही थिंकपॅड लॅपटॉपच्या बायोसमध्ये स्लीप स्टेट नावाची सेटिंग असते आणि तिथे लिनक्स निवडलं की जुनी झोप परत येते, पण आधी टाकलेलं विंडोज त्यावर नीट चालेलच असं नाही. हायबरनेट हाताशी असताना मी या वाटेला जात नाही.

लिनक्सवाल्या पोरांनी सिस पॉवर फोल्डरमधली मेम अंडरस्कोर स्लीप ही फाइल वाचावी. चौकटी कंसात एस टू आयडल असेल तर उथळ झोप, डीप असेल तर गाढ. मॅकवर बॅटरीच्या ऑप्शन्समध्ये वेक फॉर नेटवर्क अ‍ॅक्सेस आहे, ते नेव्हर करून एक रात्र बघा.

हे सगळं करूनही बॅटरी बदलायची वेळ आलीच, तर बॅटरी रिपोर्टची फाइल मोबाइलवर घेऊन दुकानात जा. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट नव्या बॅटरीशी जुळवून बघा. बसवून झाल्यावर पैसे द्यायच्या आधी तिथेच पुन्हा रिपोर्ट काढायला सांगा. डिझाइन आणि फुल चार्ज हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत, आणि सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा भरून रिकामी झाली तो आकडा, दिसत असेल तर तो शून्याजवळ. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.