अमूर्त चित्र करताना शंकेचे काय करावे

सुरसागर तलावाचे चित्र काढताना कठड्याची रेघ चुकली, तर समोरचा कठडाच ती चूक दाखवतो. अमूर्त चित्रात असे समोर काहीच नसते, आणि म्हणूनच हात चांगला चालत असतानाही ‘हे जमले आहे का’ ही शंका हौशी चित्रकाराची पाठ सोडत नाही. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घराच्या गच्चीवर काही वर्षे हा सराव केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की शंका घालवण्याच्या मागे लागू नये. तिला तपासता येईल असा प्रश्न द्यावा.

हा प्रश्न रंग उघडण्यापूर्वी कागदाच्या पाठीमागे तारखेसह पेन्सिलीने लिहावा. ‘मनातली अस्वस्थता दाखवणे’ हे तिथे लिहून उपयोग नाही, कारण ती दिसते की नाही हे कोणत्याही चित्राबद्दल कसेही सांगता येते. ‘खालचा पिवळा थर वरच्या करड्या थरातून कुठे आणि किती दिसू द्यावा?’ असा प्रश्न मात्र कागदावर बोट ठेवून तपासता येतो.

याच प्रश्नासाठी ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद मास्किंग टेपने फळीवर चिकटवावा, त्यावर यलो ऑकरचा (मातकट पिवळ्या रंगाचा) अ‍ॅक्रिलिक थर द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. वाळलेले अ‍ॅक्रिलिक पाण्याने पुन्हा विरघळत नाही, त्यामुळे पुढे काहीही केले तरी हा थर शाबूत राहतो, आणि ही खात्री भित्र्या हाताला फार धीर देते. नंतर पांढऱ्यात थोडा पेन्स ग्रे (गडद निळसर करडा रंग) मिसळून, किंचित पातळ करून, रोलरने पसरावा, लगेच त्यावर न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा न छापलेला कागद ठेवून तळहाताने कमीजास्त दाबावा आणि सावकाश उचलावा. दाब जास्त पडला तिथे करडा रंग निघून येतो व खालचा पिवळा उजळतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा कागद ठेवेपर्यंतच रंग सुकतो. म्हणून काम सकाळी लवकर करावे, पाण्याचा हलका फवारा मारावा आणि एका वेळी अर्धाच भाग घ्यावा. न्यूजप्रिंट चिकटलाच तर ओढू नये, तो भिजवून बोटाने चोळून काढावा.

नागपुरात जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलर आणि पॅलेट नाइफने (रंगकामाच्या बोथट सुरीने) रंग चढवीत व काढीत, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. आठवड्याला दहा कागद संपवण्याची घाई मला तरी त्यामुळे अनावश्यक वाटू लागली. रंगाचीच धास्ती असेल तर पेन्सिल व पट्टीने सुरुवात करावी. १९७२ पासून १९९० पर्यंत इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवणाऱ्या चित्रकार नसरीन मोहम्मदी यांनी शाई आणि ग्रॅफाइटच्या बारीक रेघांतूनच आपले काम उभे केले.

निवाडा मात्र त्याच दिवशी करू नये. अ‍ॅक्रिलिक वाळताना थोडे गडद होते, म्हणजे ओले चित्र पाहून केलेला निवाडा प्रत्यक्षात दुसऱ्याच चित्राविषयी असतो. तीन दिवस कागद भिंतीकडे तोंड करून ठेवावा, मग सहा-सात फुटांवरून, चारही बाजूंनी फिरवून पाहावा आणि त्यानंतरच मागचा प्रश्न वाचावा. उत्तर ‘नाही’ आले तर कागद फाडू नये. तोच प्रश्न पुढच्या कागदावर लिहून फक्त एक गोष्ट बदलावी, एकतर दाब किंवा रंगाचा पातळपणा.

घरच्यांचे ‘हे काय काढले आहे?’ सर्वांत जास्त लागते, याचा अनुभव मलाही आहे. त्यावर अर्थ सांगत बसण्यापेक्षा पाठीमागचा प्रश्न वाचून दाखवावा. मी तसे केले तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून कागद बराच वेळ न्याहाळला आणि उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “इथे पिवळा जरा जास्तच आला आहे ना ग?” त्यांचे बरोबर होते. पुढच्या कागदावर मी तिथला दाब कमी केला.